मदत हवी आहे: ही खर्चुडी नेमकी कोणती?

नमस्कार मंडळी. घाटमाथ्यावरच्या रानात कारवीच्या आधाराने चढलेला कंदीलपुष्पाचा, म्हणजे खर्चुडीचा, वेल सापडलाय. फुलाची नळी तळाशी फुगीर, वर पाच पाकळ्या टोकाला जुळलेल्या, जांभळे ठिपके. पानं समोरासमोर, देठावर बारीक लव. सेरोपेजिया (खर्चुडीचं शास्त्रीय नाव) हिर्सुटा की ऑक्युलाटा, या दोन प्रजातींपैकी कोणती, इथेच गाडी अडलीय. (सेरोपेजिया लॉवी ही प्रजाती नक्की नाही, ती ताठ उभी वाढते.) चिलटं आत शिरताना दिसली, नळीतले खाली वळलेले केस सुकेपर्यंत ती आतच अडकतात. पण फूल चिरून बघायची माझी अजिबात तयारी नाही. न तोडता कोणत्या भागांचे फोटो काढले तर प्रजाती ठरेल? जागा मात्र सांगणार नाही, राग मानू नका; लोक खायला कंद उकरून नेतात. ओळख पटल्यावर वनविभागाला कळवावं का?