अवकाशस्थानकावरची श्रुतिका: कानाला काय खरं वाटतं, काय खोटं? (अनुभव धागा)

रेडिओवेडी:
राकेश शर्मांचं 1984 चं अवकाशातून केलेलं संभाषण आज परत कानावर पडलं आणि जुन्या अवकाश-श्रुतिका आठवल्या. बीबीसीची ‘जर्नी इन्टू स्पेस’ 1953 ची, स्पुटनिक या पहिल्या कृत्रिम उपग्रहाच्याही चार वर्षं आधीची! पहिलं अवकाशस्थानक, सोव्हिएत सल्यूत-1, वर गेलं ते थेट एप्रिल 1971 मध्ये. कल्पनेतला आवाज आणि खरा आवाज यांत फरक काय? ध्वनिमुद्रणवाल्यांनी, हॅम (हौशी) रेडिओवाल्यांनी हातचं न राखता लिहा.

मायक्रोफोन_मामा:
आधी पावलांचा आवाज काढा. चुंबकी बूट तर नकोतच. स्कायलॅब या अमेरिकी स्थानकाचा सांगाडा अ‍ॅल्युमिनियमचा, चुंबक चिकटणार कुठे? तिथे जमीन म्हणजे त्रिकोणी भोकांची जाळी, बुटाच्या तळाला त्रिकोणी खुंटी. भोकात घालून पाय वळवला की अडकतो. श्रुतिकेत एक ‘टक्’ पुरे.

कक्षाप्रेमी:
मामा, पण पन्नाशीच्या दशकातल्या लेखकांना दोष देऊ नका. रॉकेटतज्ज्ञ फॉन ब्राउनचं 1952 चं कागदावरचं स्थानक 250 फुटी चाक होतं, मिनिटाला 3 फेरे. फिरण्यामुळे गुरुत्व होतं, म्हणजे पावलंही वाजणारच.

सानिका_पुणे:
स्कायलॅबवर हवेचा दाब आपल्या एक तृतीयांश, त्यात बहुतांश ऑक्सिजन. विरळ हवेत आवाज लांब जात नाही; पलीकडच्या माणसाशी बोलायला ओरडा नाहीतर इंटरकॉम घ्या. आपण मात्र घुमारा टाकून मोकळे होतो. तिथला संवाद कोरडा ठेवा. सल्यूतवर दाब जमिनीसारखाच, तिथे ही अडचण नाही.

व्हीएचएफ_दादा:
घाईत लिहितोय. पृथ्वीशी बोलताना दोन सेकंदांचा विलंब घालू नका!! स्थानक क्षितिजावर असलं तरी 2000 किमी, म्हणजे सेकंदाचा दीडशेवा भाग. विलंब चंद्राचा, एका बाजूनं 1.3 सेकंद.
खरी अडचण वेळेची. 90 मिनिटांची फेरी, त्यात एका केंद्रावरून जेमतेम 10 मिनिटं संपर्क. माणसं भरभर, उरकून बोलतात. आवाज खरखरीतून वर येतो, स्वच्छ होतो, परत बुडतो. फिल्टर: 300 हर्ट्झखालचं आणि 3000 वरचं कापा. मीर या रशियन स्थानकाच्या 143.625 मेगाहर्ट्झवर डॉप्लरनं, म्हणजे स्थानकाच्या वेगामुळे, स्टेशन तीन-साडेतीन किलोहर्ट्झ सरकायचं, डायलवर हात ठेवूनच ऐकावं लागे.

अन्नपूर्णा_६२:
विषयांतर, पण शर्मांबरोबर म्हैसूरच्या डीएफआरएल या संरक्षण खात्याच्या अन्न-प्रयोगशाळेनं रव्याचा हलवा, आलू-छोले, व्हेज पुलाव दिला होता. पोळी-ब्रेडचे कण तरंगून डोळ्यांत जातात, पंख्याच्या जाळीत अडकतात. म्हणून स्कायलॅबवर मीठसुद्धा पाण्यात विरघळवलेलं.

रेडिओवेडी:
अन्नपूर्णाताई, अजून लिहा, शिरा कुठल्या पाकिटात होता?

कक्षाप्रेमी:
पंख्यावरून आठवलं. वजनरहित अवस्थेत गरम हवा वर जात नाही, त्यामुळे पंखा थांबला की श्वासाचा कार्बन डायऑक्साइड तोंडाभोवतीच साचतो. जून 1985 ला सोव्हिएत अंतराळवीर जानिबेकोव आणि साविनिख बंद पडलेल्या सल्यूत-7 मध्ये शिरले तेव्हा वीज नाही, पाणी गोठलेलं, पंखे मुके. बॅटऱ्या सौर पट्ट्यांना हातानं जोडल्या, आपल्या सोयुझ यानाच्या इंजिनांनी स्थानक उन्हाकडे वळवलं. श्रुतिकेत सगळ्यात भीतिदायक आवाज म्हणजे पंखा बंद होण्याचा. सतत चालू ठेवा, मग एकदम तोडा.

सानिका_पुणे:
आणि सोयुझ-11. सल्यूत-1 वर तीन आठवड्यांहून जास्त राहिलेले तिघे. 30 जून 1971 ला परतताना झडप उघडली, यानातली हवा गेली, अंगात दाबपोशाख नव्हते. खालून हाका चालूच, उत्तर नाही. फार वाईट वाटतं हो. त्यावर नाटक लिहायचंच तर संगीत नको.

नवशिका_ध्वनी:
पंख्याचा आवाज कशाचा घेऊ? टेबलफॅन चालेल?

मायक्रोफोन_मामा:
टेबलफॅन भडभडतो. संगणकाचे दोन पंखे घे, एकाला 12 व्होल्ट, दुसऱ्याला 11. वेगातल्या फरकानं गुंजन हलकं डुलतं. माईक झोतात नको, बाजूला वीतभर. मिश्रणात संवादापेक्षा 20 डेसिबल खाली ठेव.