मासेमारीची शिशाची वजनं आणि जिग ओतायला परवडणारा रिलीज स्प्रे सुचवा

निवांत_गळ (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. अॅल्युमिनियमचा बिजागरीचा, दोन भागांचा साचा आहे. एका बाजूला गोल डोक्याचे जिग, म्हणजे शिशाचं डोकं ओतलेले गळ (३, ७ आणि १४ ग्रॅम), दुसऱ्या बाजूला मधून भोक असलेली अंड्याच्या आकाराची वजनं (२० आणि ३० ग्रॅम). शिसं मऊ, जवळजवळ शुद्ध.

अडचणी दोन. माल साच्यात अडकतो, ठोकल्याशिवाय निघत नाही. आणि ३ ग्रॅमच्या जिगच्या मानेवरची बारीक कॉलर अर्धवट भरते.

माल साच्याला चिकटू नये म्हणून फवारायचा रिलीज स्प्रे हवाय. बजेट साच्याच्या किमतीच्या पाचव्या हिश्शाच्या आत, आणि एक डबा हंगामभर पुरला पाहिजे. मेणबत्तीची काजळी माहीत आहे. पण जिग नंतर पावडर पेंट करायचे असतात, म्हणून ती नको.

भट्टीवाला
बोरॉन नायट्राइडचा स्प्रे घ्या. वितळलेलं शिसं त्याला चिकटतच नाही, आणि हवेत ९०० अंशांपर्यंत त्याला काही होत नाही. तुमचं शिसं जेमतेम ४०० वर असणार. पांढरा थर बसतो, त्यामुळे कुठे लागला, कुठे राहिला ते दिसतं. बजेटच्या बाहेर जाईल, पण एकदाच घ्या आणि चांगलं घ्या.

मरळ२२
स्प्रेवर पैसे कशाला घालवताय? मेणबत्ती लावा. साच्याचा भाग ज्योतीच्या टोकाच्या किंचित वर धरा आणि हलवत राहा. फिकट राखाडी रंग आला की थांबा. गडद काळा थर म्हणजे जास्त झालं, मग वजनावर त्याचे खड्डे उमटतात. ज्योतीच्या आत खुपसू नका, न जळलेलं मेण धातूवर बसतं आणि पुढे त्याचा पिवळट चिकट पापुद्रा होतो. पिवळ्या ज्योतीचा लायटर असेल तर मेणाचा प्रश्नच येत नाही.

काजळीचा दुसरा फायदा कोणी सांगत नाही. ती उष्णता अडवते. शिसं साच्याला टेकताक्षणी गोठत नाही, तेवढ्या वेळात बारीक कॉलरमध्ये शिरतं. तुमच्या दोन्ही अडचणींवर एकच इलाज.

चप्पू
सिलिकॉन स्प्रे. रबरी आमिषाच्या साच्यांना वापरतो, सटासट सुटतात. स्वस्त आहे, कुठेही मिळतो.

पळी_आणि_शिसं
@चप्पू, शिशाला सिलिकॉन अजिबात नको, आणि हे धाग्यात ठळक राहू द्या. मऊ प्लास्टिक साधारण १७०-१८० अंशांना ओततात, शिसं वितळतंच ३२७ ला. सिलिकॉन तेल २०० च्या आसपास हवेत विघटित व्हायला लागतं, त्यातून फॉर्माल्डिहाइड निघतं. उरलेला अंश रंगाचा वैरी. तो जिगवर गेला की पेंटमध्ये माशाच्या डोळ्यासारखी गोल छिद्रं पडतात, आणि नुसतं पुसून तो जात नाही.

'ड्राय ल्युब' लिहिलेल्या टेफ्लॉनच्या डब्यांचंही तेच. टेफ्लॉन २६० च्या पुढे बिघडायला लागतं, ३५० च्या वर भराभर. तो धूर छातीत गेला की काही तासांनी ताप भरतो, घरात पिंजऱ्यात पक्षी असेल तर तो मरतो. गंज सोडवायचे तेलाचे स्प्रेही नकोत. तेल जळून वायू होतो, वजनात पोकळ्या राहतात आणि साच्यावर तपकिरी डिंक जमतो.

डब्यावर घटक लिहिलेले नसतील तर तो डबा शिशाजवळ नेऊ नका.

चप्पू
बरं, शिशाचं तापमान लक्षात घेतलं नव्हतं. प्लास्टिकला मात्र चांगला आहे.

टेंगळी
@निवांत_गळ, स्प्रे कोणता हे नंतर बघू. आधी सांगा, माल नक्की कुठे अडकतो? दोन्ही भागांत की एकाच? अंडाकृती वजन साच्यात अडकतं की भोकासाठीच्या मधल्या पिनेवर? शिसं आणि साचा किती तापवता?

निवांत_गळ
नीट पाहिलं. अंडाकृती वजनं पिनेवर अडकतात, साच्यातून तशी सुटतात. जिगमध्ये १४ ग्रॅमचा खाना त्रास देतो, तोही नेहमी डाव्या भागात. शिसं ३६० च्या आसपास. साचा वेगळा तापवत नाही, ओतत गेलं की तापतोच.

टेंगळी
मग तुमच्याकडे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि त्यातला एकच स्प्रेने सुटेल.

पिन: शिसं थंड होताना स्टीलच्या दुपटीहून जास्त आकसतं. म्हणजे जितका वेळ थांबाल तितकी पिनेवरची पकड घट्ट. ओतमुखावरचं शिसं गोठून त्याची चमक गेली की चारपाच सेकंदांत, साचा मिटलेला असतानाच, पकडीने पिन जरा फिरवा आणि सरळ ओढा. साचा उघडून, वजन बाहेर काढून मग पिन ओढत असाल तर कुठलाच स्प्रे पुरणार नाही. पिनेवर आडवे ओरखडे असतील तर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने लांबीच्या दिशेने घासून घ्या. हातमोजे हवेतच.

१४ ग्रॅमचा खाना: एकच खाना आणि एकच भाग, म्हणजे तिथे कडेला बर (धातूचा बारीक उठलेला काटा) आहे. नखाने जाणवेल, किंवा कापसाचा बोळा कडेवरून फिरवा, धागा जिथे अडकेल ती जागा. अडकलेल्या जिगवरही त्याच जागी बारीक चमकदार ओरखडा सापडेल. लाकडी काडीच्या टोकाला पॉलिशची पेस्ट लावून तेवढीच कड मोडा. दोन भाग जिथे एकमेकांवर बसतात त्या सपाट पृष्ठभागाला हात लावू नका, नाहीतर तिथून शिसं पापुद्र्यासारखं बाहेर यायला लागेल. आणि अडकलेला माल स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, नवे बर तसेच तयार होतात. बिजागरीच्या बोल्टवर लाकडी दांड्याने ठोका.

कॉलर: हा थंड साच्याचा प्रश्न. वजनावर सुरकुत्या आणि गोलसर, अर्धवट कडा दिसल्या की साचा किंवा शिसं थंड. सगळ्या अंगावर साखर भुरभुरल्यासारखा मॅट पांढुरका रंग आला की साचा फार गरम. साचा मिटून इलेक्ट्रिक शेगडीवर १५०-१८० अंशांपर्यंत तापवा, शिसं ३९०-४०० ला न्या. जिगचे गळही साच्याच्या कडेवर ठेवून गरम करा, थंड गळ मानेतली उष्णता शोषून घेतो. सुरुवातीचे काही नग खराबच निघतात, ते परत भांड्यात. पळीही गरम हवी, आणि ओतताना धार मध्ये तोडायची नाही.

मरळ२२
म्हणजे काजळीच. साचा तापवणं त्यात आलंच.

भट्टीवाला
काजळी दरवेळी नव्याने लावावी लागते. बोरॉन नायट्राइडचा पातळ थर खूप वेळ टिकतो. किंमत नगामागे काढा, डब्यामागे नाही.

खवल्या
कॉलर भरत नाही कारण शिसं शुद्ध आहे. १ ते २ टक्के कथील घाला, धार पातळ होते आणि कडा धारदार येतात. वेगळं कथील आणायची गरज नाही, ६३/३७ चं सोल्डर चालतं. १ किलो शिशात ३३ ग्रॅम सोल्डर घातलं की साधारण २ टक्के कथील होतं. सोल्डरच्या आत रोझिन (राळ) असेल तर धूर येईल, तो त्रासदायक असतो.

गाड्यांच्या चाकांची जुनी वजनं वितळवत असाल तर जपा. त्यात हल्ली जस्ताची बरीच असतात. जस्त ४१९.५ अंशांना वितळतं, म्हणून भंगार वितळवताना भांडं ४०० च्या खाली ठेवा आणि जे तरंगतं ते झाऱ्याने काढा. जस्त मिसळलं की शिसं दलियासारखं गिजगिजीत होतं, मग स्प्रे काय करणार?

पळी_आणि_शिसं
कथील बरोबर, पण दोरीवर दाताने किंवा चिमट्याने दाबायच्या मण्यांसाठी ते शिसं वापरू नका, कडक होतं. मुळात शिसं दाताने दाबूच नये.

बोथट_गळ
हे सगळं करण्यापेक्षा शिसं सोडा. ब्रिटनमध्ये लहान शिशाच्या वजनांच्या विक्रीवर १९८७ पासून बंदी आहे, कारण हंस ती गिळून मरत होते. बिस्मथ २७१ अंशांना वितळतो, त्याच साच्यात चालतो.

खवल्या
चालतो, पण ठिसूळ. दगडावर आपटला की तुकडा उडतो. आणि बिस्मथ गोठताना फुगतो, त्यामुळे खान्याच्या भिंतींना घट्ट बसतो. अडकण्याची तक्रार असलेल्या माणसाला हा सल्ला उपयोगाचा नाही.

बोथट_गळ
म्हणून तर त्याला रिलीज जास्त लागतो. पाणपक्ष्यांचा मुद्दा तरीही उरतोच.

सुरमई
बजेटचं कोणीच बोलत नाहीये म्हणून लिहिते. ग्राफाइटची बारीक पावडर घ्या, ३२५ मेशची (चाळणीचा नंबर, जितका मोठा तितकी बारीक) किंवा त्याहून बारीक. ५ ग्रॅम पावडर १०० मिली ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये घालून बाटलीत हलवा. साचा कोमट असताना मऊ ब्रशने एक हात, वाळला की कोरड्या ब्रशने जास्तीची पावडर झटका, उघड्यावर. पावडर तळाशी बसते, म्हणून दरवेळी हलवायचं. ७० टक्क्यांचं अल्कोहोल घेऊ नका, त्यात पाणी असतं.

पिनेला नुसती कोरडी ग्राफाइट पावडर कापडाने चोळली तरी पुरते. हा खर्च तुमच्या बजेटच्या आत आहे आणि बाटली हंगामभर सहज जाते.

डब्यातला ग्राफाइट स्प्रे मी सुचवणार नाही. नोझलमधून गोळे येतात आणि थर जाड बसतो. हवा बाहेर जायच्या ज्या केसासारख्या रेघा साच्यावर असतात त्या बुजतात. रेघ बुजली की हवा अडकते आणि तुमची कॉलर परत अर्धवट.

मरळ२२
पेंटबद्दल: काजळी अॅसिटोनच्या फडक्याने एका पुसण्यात जाते. ग्राफाइट शिशाच्या मऊ पृष्ठभागात रुतून बसतो, तो काढायला जास्त घासावं लागतं. म्हणजे ज्या कारणाने काजळी नाकारताय तेच कारण ग्राफाइटला जास्त लागू आहे.

सुरमई
थर पातळ असेल तर माल सुरुवातीलाच बराचसा ग्राफाइट घेऊन जातो. ते सुरुवातीचे नग तसेही परत वितळवायचेच असतात. पुढच्या नगांवर अॅसिटोन पुरतं.

भट्टीवाला
पांढऱ्या थराचा डाग दिसतही नाही. पुन्हा सांगतो, बोरॉन नायट्राइड.

निवांत_गळ
सगळ्यांचे आभार. १४ ग्रॅमच्या खान्यात बर सापडला, टेंगळींनी सांगितला तिथेच, डाव्या भागाच्या खालच्या कडेला. तो घासला. साचा शेगडीवर तापवून, शिसं ३९५ ला नेऊन कॉलर भरते आहे. पिन मिटलेल्या साच्यातून लगेच ओढली की निघते, पण अजून जोर लागतो.

निर्णय: ड्राय ग्राफाइटचा डबाच मागवला. पावडर आणि अल्कोहोल घरात उघडं हाताळायचं नाही, लहान मुलं आहेत. बोरॉन नायट्राइड बजेटच्या दुप्पट पडत होतं. काजळी आधीच नको म्हटलं होतं. डब्यावर ग्राफाइट, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि प्रोपेलंट (फवारा ढकलणारा वायू) एवढंच लिहिलंय, तेल किंवा सिलिकॉन नाही.

सुरमई
मुलांसाठी काळजी घेताय तर ग्राफाइटपेक्षा भांड्यावरची राखाडी मळी जास्त घातक आहे. ती कोरडी झाडू नका, ओल्या फडक्याने टिपा आणि झाकणाच्या डब्यात ठेवा. ओततानाचे कपडे वेगळे धुवा.

मरळ२२
दोन महिन्यांनी मेणबत्तीवर याल.

पळी_आणि_शिसं
घेतलाच आहे तर वापरायचं असं. आधी साचा अॅसिटोन आणि नायलॉनच्या ब्रशने धुवा. ब्रेक क्लीनरचा डबा वापरणार असाल तर क्लोरीनवाला नको. क्लोरीनच्या द्रावकाचा अंश तापला की फॉस्जीन हा विषारी वायू होऊ शकतो. साचा कोमट करा, हात ठेवता येईल इतकाच. डबा मिनिटभर हलवा, पहिला फवारा कागदावर सोडा, गोळे तिथेच पडू देत. मग २५-३० सेंटिमीटरवरून एक ओझरता हात. धातूचा रंग खालून दिसत राहिला पाहिजे. रेघांवर थर दिसला तर लाकडी दातकोरणीने ओढून मोकळ्या करा.

फवारणी भांड्यापासून लांब, शेगडी बंद असताना. प्रोपेलंट आणि अल्कोहोल दोन्ही भडकतात. पूर्ण वाळल्यावरच साचा तापवायचा. आणि साचा, गळ, पळी यांवर पाण्याचा थेंब असता कामा नये. पाण्याची वाफ होताना ते सुमारे १६०० पट फुगतं आणि शिसं तोंडावर उडतं. डोळ्यांना चष्मा नसेल तर भांडं पेटवूच नका.

टेंगळी
पिनेला अजून जोर लागतोय तर पिन एका जागी किंचित वाकलेली असेल. काचेवर ठेवून गडगडत सोडा, खाली फट दिसली की बदला. सरळ स्टीलच्या तारेचा तेवढ्याच जाडीचा तुकडा चालतो, टोक घासून गोल करा.

निवांत_गळ
काचेवर बघितली. मधोमध फट आहे. तार आणतो.