कादंबरीतलं हक्कसोडपत्र आणि चार निवेदक: मांडणी आणि कायदा, दोन्हींबद्दल सल्ला हवा

काठपदर:
कादंबरीचा तिसरा खर्डा सुरू आहे. सातारा जिल्ह्यातलं घर, बारा एकर वडिलोपार्जित जमीन. 1996 ला वडील मृत्युपत्र न करता वारतात. तेराव्यानंतर आई ठरवते की दोन्ही मुलींनी भावासाठी हक्क सोडायचा. थोरलीचं लग्न 1989 ला झालेलं, धाकटी बिनलग्नाची. 2021 ला धाकटी दावा लावते. आई आणि तिन्ही भावंडं अशा चौघांच्या तोंडून चार भाग लिहिलेत, पण सहीचा प्रसंग चारदा येतो आणि वाचणारे दुसऱ्या भागातच थकतात. कायद्याच्या बाजूने काही चुकतंय का, तेही सांगा.

बांध:
आधी कायदा, कारण कथानक त्यावरच उभं आहे. दोघी बहिणींचा हिस्सा सारखा नव्हता! हिंदू वारसा कायद्यातल्या महाराष्ट्राच्या दुरुस्तीने 22 जून 1994 पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मतः हक्क मिळाला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. म्हणजे 1996 ला, वडील वारण्याच्या लगेच आधी वाटणी झाली असं कायदा धरतो म्हणून, वडील, आई, मुलगा आणि धाकटी असे चार वाटे, प्रत्येकी तीन एकर. मग वडिलांचे तीन एकर आई आणि तिन्ही मुलांत, प्रत्येकी तीस गुंठे. धाकटीचे होतात तीन एकर तीस गुंठे आणि थोरलीचे नुसते तीस गुंठे. आईने दोघींना एकाच मापाने मोजलं. तिला हा फरक ठाऊक होता की नव्हता, हे तुम्ही पक्कं ठरवायलाच हवं.

दुसरं, सही कुठे झाली? दुय्यम निबंधकाकडे हक्कसोडपत्र रीतसर नोंदलं असेल, तर 2021 चा दावा फार लंगडा पडतो. याच कायद्यातल्या 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने 20 डिसेंबर 2004 पूर्वीचे असे व्यवहार कायम ठेवलेत, आणि मुलींच्या जन्मतः हक्काबद्दलच्या, ऑगस्ट 2020 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानेही ते मोडत नाहीत. फसवणूक सिद्ध करावी लागेल, आणि समोरचा वकील दावा लावायची मुदत टळली हा मुद्दा काढणारच. तलाठ्यापुढे नुसता जबाब किंवा बिननोंदणीचा कागद असेल तर धाकटीची बाजू भक्कम. माझ्या मते हाच कागद घ्या.

ओसरी:
सहीचा प्रसंग सबंध एकदाच लिहा, तोही आईच्या भागात नको. तिचा हेतू सुरुवातीलाच कळला की उरलेले तिघे नुसते साक्षीदार होतात. थोरलीकडे द्या: तिला लवकर परतायचंय, एसटीची वेळ झालीय, म्हणून ती वाचत नाही. बाकीच्यांना त्या दिवसातली एकेकच वस्तू द्या. धाकटी सही करते, आई अंगठा देते आणि पदराला शाई पुसते. तो निळा डाग धुऊनही राहतो, धाकटीला तेवढाच आठवतो. भावाला आठवतो तलाठ्याने परत मागून घेतलेला पेन.

एक तक्ता करा: डावीकडे 1989, 1994, 1996, 2005, 2021 आणि प्रत्येकापुढे चौघांची वयं, पत्ता, हातातला पैसा, आणि त्या वर्षी त्याला काय ठाऊक होतं. ‘काय ठाऊक’ हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. बहुतेक खर्डे इथेच घसरतात, पात्राला नंतर कळलेली गोष्ट आधीच बोलायला लावतात. शिवाय प्रत्येक दुःख त्या सहीला चिकटवू नका. थोरलीचा संसार सहीशिवायही अवघड असू शकतो, आणि भावाला जमिनीबरोबर आईचं म्हातारपण आणि सोसायटीचं कर्जही मिळालेलं असतं.

काठपदर:
मोठं काम झालं, मनापासून आभार. धाकटीला 2021 ला आपलं नाव कसं कमी झालं हे नेमकं कळतं कशावरून?

बांध:
फेरफाराच्या, म्हणजे जमिनीवरचे हक्क बदलल्याच्या नोंदीच्या, नक्कलेवरून. सातबाऱ्यावर नुसता फेरफार क्रमांक असतो. तो क्रमांक देऊन जुनी नोंद मागवली की हाताने लिहिलेला मजकूर हाती येतो: वारस कोण, कोणाचं नाव का कमी केलं, मंडळ अधिकाऱ्याने नोंद मंजूर केल्याची तारीख. मंजुरीआधी हितसंबंधितांना नोटीस देऊन हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवायचे असतात. त्या नोटिशीवर धाकटीची सही दाखवा, आणि तारीख अशी घ्या की त्या दिवशी ती पुण्यात परीक्षेला बसलेली होती.