सिव्हिल झालंय, दोन वर्षं व्हॅल्युएशनचं काम करतेय. पुढे पदव्युत्तर करावं का?

संत्राबाग_वरुड
नमस्कार. मी वरुड तालुक्यातली. अमरावतीला सिव्हिल केलं आणि दोन वर्षांपासून बँकेच्या पॅनेलवरच्या एका व्हॅल्युअर (मालमत्तेची किंमत ठरवणारे) सरांकडे आहे. कर्जासाठी तारण ठेवलेली घरं, प्लॉट, गोडाऊन मोजायची, फोटो काढायचे, रिपोर्ट टाइप करायचा. सर म्हणतात, पुढे शीक. रिअल इस्टेटचे दोन वर्षांचे अभ्यासक्रम पाहिले, तर त्यात ऑफिस टॉवर, मॉल आणि रीट (मोठ्या इमारतींच्या भाड्यात लोकांना पैसे गुंतवता येतात ते ट्रस्ट). आमच्या भागात यातलं एकही नाही.

माझं कारण घरचं आहे. रस्त्यासाठी आमचं पावणेदोन एकर वावर गेलं. १९० संत्र्याची झाडं होती, बारा वर्षांची, आंबिया बहाराची. पण सातबाऱ्याच्या पीकपेऱ्यात संत्रा चढलेलाच नव्हता, विहिरीचीही नोंद नव्हती. निवाड्यात जमीन जिरायत धरली. झाडांचे पैसे लावले, पण एका झाडाची किंमत कशावरून काढली हे कुणी सांगितलं नाही, आणि विचारायचं कसं हे आम्हाला कळत नव्हतं. बाबा कागदांची पिशवी घेऊन महिनाभर फिरले. मी इंजिनिअर असून त्यांच्या शेजारी नुसती उभी होते. ते मला विसरता येत नाही.

तर हे शिक्षण गावच्या कामात येईल का? आणि रजिस्टर्ड व्हॅल्युअर होण्यासाठी त्याची गरज आहे का?

मूल्यांकक_यवतमाळ
बेटा, आधी परवान्याचं सांगतो. कंपनी कायद्याखालच्या २०१७च्या नियमांप्रमाणे, जमीन आणि इमारत या वर्गात, सिव्हिलच्या पदवीनंतर ५ वर्षांचा अनुभव लागतो, पदव्युत्तर असेल तर त्यानंतर ३ वर्षांचा. मग ५० तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षेत ६० टक्के. तुझी दोन वर्षं झालीत. काम करत राहिलीस तर आणखी तीन. कोर्स केलास तर दोन अधिक तीन. म्हणजे नुसत्या परवान्यासाठी कोर्स करशील तर उलट उशीर होईल.

पण तुझं दुखणं परवान्याचं नाही. २०१३च्या भूसंपादन कायद्याचं कलम २६ नीट वाच. बाजारभाव ठरवताना मुद्रांकासाठीचा सरकारी दर आणि जवळपासच्या तशाच जमिनींच्या मागच्या तीन वर्षांतल्या खरेद्यांची सरासरी, यातलं जे जास्त ते धरायचं. सरासरीही सगळ्या खरेद्यांची नाही, सगळ्यात जास्त भावाच्या निम्म्या खरेद्यांची. त्यावर ग्रामीण भागात १ ते २ पर्यंतचा गुणक, वर १०० टक्के दिलासा रक्कम. आपल्याकडे दुखतं ते इथेच. मुद्रांक वाचावा म्हणून लोक खरेदीखतात कमी आकडा टाकतात, उरलेले पैसे हातात घेतात. पुढे संपादन आलं की तोच आकडा साऱ्या गावाचा भाव ठरतो. मी हे पंचवीस वर्षं पाहतोय आणि दरवेळी जीव तुटतो.

तुलनेला घेतलेली वावरं तरी सारखी असतात का? एकाला पांदण रस्ता आहे, दुसऱ्याला धुऱ्यावरून जावं लागतं. एक वर्ग १, दुसरं वर्ग २ किंवा भूदानाचं, जे परवानगीशिवाय विकता येत नाही. पावसाळ्यात बैलबंडी आत जाते का, हे एखाद्या तुलनेत लिहिलेलं मला आजवर सापडलं नाही. ते लिहिणारं कुणीतरी हवं.

निवाडा कधीचा आहे? रक्कम वाढवून मागण्याची मुदत फार छोटी असते. वकिलाला आजच दाखव.

वाशीमकर_पुण्यात
ताई, मी असाच एक कोर्स केलाय. वर्गात उदाहरणं टॉवरचीच होती, पण डिस्काउंटेड कॅश फ्लो, म्हणजे पुढे येणाऱ्या पैशांची आजची किंमत काढणं, शिकताना मला सारखी संत्र्याची झाडं आठवायची. समजा एक झाड खर्च वजा जाता वर्षाला ५०० रुपये देतं आणि अजून दहा वर्षं देणार आहे. १० टक्के दराने त्या सगळ्या पैशांची आजची किंमत सुमारे ३,०७२ रुपये होते. वय, उरलेली वर्षं, डिंक्या रोगाचा धोका, पाण्याची पातळी, प्रत्येक गोष्टीने हा आकडा हलतो. वरुडकडे बोअर किती खोल जातात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

एक सांभाळा. उत्पन्नावरून काढलेल्या किमतीत जमीन आणि झाडं दोन्ही आलेली असतात. तिच्यावर जमिनीचा भाव पुन्हा लावला, तर ते दोनदा मोजणं होतं आणि समोरचा वकील तिथेच पकडतो. कोर्समध्ये मला मिळालं ते हे. आकडा काढता तुम्हाला आजही येतो; तो उलटतपासणीत टिकेल असा मांडणं मी तिथे शिकलो.

कोर्समधल्या अ‍ॅसेट स्ट्रॅटेजी या विषयाच्या नावाने घाबरू नका. आमच्या गावाजवळ कापसाची एक बंद जिनिंग आहे. शेड दुरुस्त करून गोडाऊन म्हणून भाड्याने द्यायचं, तसंच ठेवायचं, की जागा विकायची? तिन्हींचे आकडे दहा वर्षांसाठी मांडून बघायचे, एवढाच तो विषय. गावोगावी असे प्रश्न पडून आहेत. फी मात्र जड आहे. निव्वळ मूल्यांकनाचा अभ्यासक्रम हवा असेल तर गुजरातेत वल्लभ विद्यानगरला पदव्युत्तर शिक्षण आहे, तेही बघा.

काटोलचा_शेतकरी
शिकणं होईल तेव्हा होईल ताई, पण उरलेल्या वावराची ई-पीक पाहणी या हंगामात चुकवू नका. २०२१ पासून आपल्याच मोबाईलवरून सातबाऱ्यावर पीक चढवता येतं. मी झाडं आणि विहीर दोन्ही चढवली, फोटोसकट.

संत्राबाग_वरुड
सगळ्यांचे मनापासून आभार. काका, निवाडा होऊन एक महिना झालाय, उद्याच वकिलाकडे जातेय. मागच्या तीन वर्षांच्या खरेद्यांचे इंडेक्स टू (खरेदीखताच्या नोंदणीचे उतारे) काढायला घेतलेत. आतापर्यंत नऊ मिळाले, त्यातल्या चार वावरांना पांदण नाही, मी स्वतः चालून पाहिलं. कोर्सचा अर्ज पुढच्या वर्षी भरायचा असं ठरवलंय, तोवर सरांकडेच राहीन. बाबांना झाडाचा हिशेब वाचून दाखवला. ते म्हणाले, ५०० नको धरू, मागच्या पाच वर्षांच्या विक्रीच्या पट्ट्या ट्रंकेत आहेत, त्यावरून काढ. आत्ता त्याच पसरून बसलोय.