पाणी नवव्या दिवशी अन् चर्चा सिंगापूरची

(भुसावळ, सोसायटीचा ग्रुप, रात्री साडेनऊ)

सेक्रेटरी: टँकरवाला फोन उचलत नाहीये. टाकीत आहे तेवढ्यात भागवा. नळाचा आज नववा दिवस.

बी-२०४: भाचा सिंगापूरला आहे, म्हणतो तिथं गटारीचं पाणी साफ करून वापरतात. आपल्याकडे का नाही?

ए-१०१ काकू: राम राम, जेवायच्या टायमाला कशाला हे

सी-३०२: गटारनं पानी पेवानं का आते भाऊ? हाहाहा

ए-४०२ (रिटायर्ड, फिल्टर प्लांट): हसू नका भो. नामिबियात विंडहोक शहर आहे, चहूकडे कोरडं, तिथं १९६८ पासून सांडपाणी शुद्ध करून पिण्याच्या पाण्यातच मिसळतात, माझं लग्नही झालं नव्हतं तेव्हापासून. सिंगापूरचं २००३ ला सुरू झालं पण ते जास्त करून कारखान्यांना जातं, पाऊस लांबला की थोडं तलावात सोडायचं अन् परत फिल्टर करून नळाला. अन् कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत २००८ पासून जमिनीत मुरवतात, मग बोअरनं उपसतात.

सी-३०२: साफ म्हणजे काय, तुरटी फिरवतात का?

ए-४०२: तुरटीनं काय होणार बापा. आधी मैला काढायचा, मग जिवाणू सोडून त्यांच्याकडून घाण खाऊन घ्यायची, इथपर्यंत सगळीकडे सारखंच. पुढे सिंगापूरला बारीक छिद्रांचे गाळायचे पडदे, मग आरओ, तुमच्या ओट्यावरचाच पण बंगल्याएवढा समजा, अन् शेवटी जंतू मारायला अल्ट्राव्हायोलेट किरणं. विंडहोकला आरओ नाही, ओझोन वायू अन् कार्बनच्या फिल्टरवर काम.

ए-१०१ काकू: तरी मन घेत नाही. देवाच्या तांब्यात तेच भरायचं का?

ए-४०२: काकू राग नका मानू, आपली तापी कुठून येते? बऱ्हाणपूरवरून. तिथल्या नाल्यांचं पाणी उतारानं जाणार कुठं? नदीत. मग हतनूर धरण, मग आपण. मधे नदी आहे म्हणून दिसत नाही एवढंच.

ए-१०१ काकू: भाऊ मी आत्ताच ग्लास तोंडाला लावला होता

सी-३०२: पण नदीत ऊन लागतं, मुरतं, साफ होतं ना

ए-४०२: होतं, बरंच होतं. मे महिन्यात पुलावर थांबून धार किती उरते ते बघा फक्त.

डी-१०४: काका मशीन भारी असेल हो, चालवणार कोण? आपलं गेटजवळचं कारंजं दोन महिने चाललं, आता त्यात झाडू ठेवतात.

ए-४०२: ताई हे मात्र खरं बोलल्या. विंडहोकला कारखान्यांचं सांडपाणी वेगळ्या लाईनीनं नेतात, घरच्या सांडपाण्यात मिसळूच देत नाहीत, अन् पाणी सारखं तपासत राहतात. आपल्याकडे एकाच नाल्यात सगळं, मग मीपण पिणार नाही. पण संडासाच्या टाकीला, बागेला, गाड्या धुवायला तरी साफ केलेलं वापरा ना, तिथं कशाला प्यायचं पाणी घालवता?

ए-१०१ काकू: आधी आरओच्या नळीतून वाया जातं ते पाणी बघा. मी बादलीत धरते अन् फरशी पुसते. सी विंगवाल्यांचं दिवसभर मोरीत चालू असतं, आवाज येतो मला

सी-३०२: काकू उद्या बादली लावतो

सेक्रेटरी: नळ आला. मोटर लावली. पहिलं पाणी पिवळं आहे, दहा मिनिटं सोडून द्या.

ए-१०१ काकू: सोडून नका देऊ!! बादल्या घेऊन खाली या, कुंड्यांना घालू