विज्ञान प्रदर्शनात मुलांना कन्नडमध्ये बोलायचं आहे. पाठ करून घेऊ की नको?

मलप्रभाकाठचा मास्तर

नमस्कार मंडळी. कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलात मी गणित-विज्ञान शिकवतो. प्रश्न शेवटी आहे, पण आधी पोरांनी काय केलं ते सांगितल्याशिवाय तो कळायचा नाही.

यंदा मिरगाच्या तोंडावर नववीच्या मुलांनी पर्जन्यमापक केला. २० सेंटीमीटर तोंडाचं प्लॅस्टिकचं नरसाळं, खाली उभ्या काठाची लोणच्याची बरणी आणि बरणीला बाहेरून चिकटवलेली मोजपट्टी. मैदानाच्या मधोमध, आंब्यापासून आणि कौलांच्या पागोळ्यांपासून लांब, विटांच्या चौथऱ्यावर तो मांडला. रोज सकाळी साडेआठला आकडा घ्यायचा, कारण हवामान खात्याची नोंदीची वेळही तीच. शाळेजवळ राहणाऱ्या चौघांनी पाळ्या लावून घेतल्या. रविवारीसुद्धा खंड नाही. वर्गात मध्येच जोर धरला की मागच्या बाकावरून आवाज यायचा, "सर, पाऊस पडूलालाय, बरणी बघून येऊ काय?"

दहा दिवस झाले आणि एका सकाळी वहीत आकडा पडला २१२ मिलिमीटर. सगळे खूश. एक मुलगी मात्र गप्प उभी होती. म्हणाली, "सर, रात्री आईचं पातेलं अंगणातच राहिलं होतं. सकाळी बघितलं तर तीन बोटं पाणी. २१२ म्हंजे वीतभर पायजे की ओ!"

मी तिच्याकडे बघतच राहिलो. दहा दिवस मीही तेच आकडे तपासून खाली सही करत होतो. मग नरसाळं उचलून बरणीच्या तोंडावर उपडं धरलं आणि पट्टी पोरांच्या हातात दिली. नरसाळं २० सेंटीमीटर, बरणी १०. व्यास दुप्पट म्हणजे पाणी गोळा करणारं क्षेत्रफळ चौपट. पाय आर वर्ग ही पोरं केव्हाच शिकली होती, पण त्या दिवशी तो पहिल्यांदा कामाला आला. २१२ भागिले ४, म्हणजे ५३ मिलिमीटर. आईचं पातेलं बरोबर होतं.

चुकीचं पान मी फाडू दिलं नाही. त्याच पानावर, जुन्या आकड्यांशेजारी, लाल पेनानं नवे आकडे लिहून घेतले. पुढं पोरं आपली आपणच निघाली. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी, एवढंच मी सांगितलं होतं. त्यांनी वर्गांच्या कौलारू छपराखालची जागा पावलांनी न मोजता टेपनं मोजली, ६ बाय २० मीटर. त्या एका रात्रीत त्या छपरावर ६,३६० लिटर पाणी पडून वाहून गेलं. आमच्या काळ्या टाकीत हजार लिटर मावतात, आणि मार्चमध्ये तिच्याच तळाशी तांब्या खरवडावा लागतो. हा हिशेब फळ्यावर आला तेव्हा वर्ग शांत झाला होता.

आता प्रश्न. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात हा प्रकल्प न्यायचा आहे. परीक्षक बहुतेक कन्नड बोलणारे असतात. गेल्या वर्षी आम्ही मुलांकडून दीड पान कन्नड पाठ करून घेतलं. त्यांनी ते घडाघडा म्हटलं, पण पहिल्याच उलट प्रश्नाला दोघंही थिजली. परत येताना बसमध्ये एक मुलगी खिडकीकडं तोंड करून रडत होती. प्रयोग तिचा होता, तिला सगळं येत होतं. ते मला अजून लागून आहे. यंदा काय करू? पाठ करून घेऊ, की मराठीत बोलू देऊ आणि मी शेजारी उभा राहून कन्नड करून सांगू?

निपाणीचा निवृत्त शिक्षक

सर, तुम्ही मध्ये उभे राहून सांगू नका. परीक्षक मग तुमच्याशीच बोलतात आणि मूल बाजूला पडतं. हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. पहिली चार वाक्यं तेवढी पाठ करून घ्या: नाव, गाव, शाळा, काय मोजलं. तेवढ्यानं भीती जाते. त्यापुढचं अजिबात पाठ नको.

आणि लाल पेनाचं पान झाकून ठेवू नका, तेच सर्वांत पुढं लावा.

बैलहोंगलची कन्नड टीचर

मी कन्नड विषय शिकवते. माहेर बेळगावचं, घरात मराठीच, त्यामुळं दोन्हीकडची अडचण मला माहीत आहे. मुलांना वाक्यं देऊ नका, शब्द द्या. तुमच्या प्रकल्पाला एवढे पुरतील: मळे (पाऊस), नीरु (पाणी), अळते (माप), बेळिग्गे (सकाळ), हेच्चु आणि कडिमे (जास्त-कमी), तप्पु (चूक), सरि (बरोबर). आकडे तर त्यांना येतातच. "चौपट" ला "नाल्कु पट्टु" म्हणतात. पट आणि पट्टु, मुलं एकदा ऐकून विसरणार नाहीत.

आमच्याकडं बोलताना लोक "मळी" म्हणतात, पुस्तकात "मळे" असतं. दोन्ही चालतं, मुलांना त्यावरून टोकू नका. मोजण्याला "अळे". मळे आणि अळे हे यमक माझ्या वर्गातल्या मराठी मुलांना फार आवडतं.

प्रत्येक शब्द म्हणताना हातात ती वस्तू हवी, हे मात्र नक्की करा. "नीरु" म्हणताना बरणी उचलायची, "तप्पु" म्हणताना त्या पानावर बोट ठेवायचं. हात चालू असला की जीभ अडत नाही.

एक पालक, बेळगाव ग्रामीण

सर, तुमची तळमळ समजते. पण माझा मुलगा पुढच्या वर्षी दहावीला जाईल. तिथं ६२५ पैकी किती पडले तेवढंच विचारतात. जून ते सप्टेंबर बरणी बघण्यात गेले तर पोर्शन कधी पुरा होणार?

मलप्रभाकाठचा मास्तर

तुमची काळजी खोटी नाही, दादा. रोजचं मोजणं शाळेआधी पाच मिनिटांचं आहे, तास त्यात जात नाही. हिशेबाचे जे दोन तास गेले ते मी क्षेत्रफळ आणि घनफळाच्या धड्यातच धरले. घटक चाचणीत व्यास दुप्पट केला तर क्षेत्रफळ किती पट, हा प्रश्न घातला होता. एरवी निम्मा वर्ग "दुप्पट" लिहितो. या वेळी तसं लिहिणारं फारसं कुणी नव्हतं. मार्क त्यातूनही येतात, असं मला मनापासून वाटतं.

रताळ्याचा शेतकरी, उचगाव भाग

गुरुजी, एक सुचवतो. तुमचे आकडे महिन्यानं मांडू नका, नक्षत्रानं मांडा. मिरग ७-८ जूनला लागतो, पुढं आर्द्रा, मग तरणा पाऊस म्हणजे पुनर्वसू, मग म्हातारा म्हणजे पुष्य, मग आश्लेषा, मघा. एकेक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचं. आमची लावण, भांगलण सगळी त्यावरच चालते. आणि कन्नड शेतकरीही हेच बोलतो. मृगशिर मळे, आरिद्र मळे म्हटलं की तिकडच्या माणसाला लगेच समजतं. पोरांच्या आज्यांना विचारा, कुठल्या नक्षत्रात काय पेरायचं ते त्या सांगतील.

मलप्रभाकाठचा मास्तर

प्रदर्शन होऊन आलो. सगळ्यांना सांगायचं कबूल केलं होतं म्हणून लिहितो.

नक्षत्रांचा तक्ता केला. एका मुलाची आजी दोन संध्याकाळी व्हरांड्यात बसून सांगत होती, पोरं लिहून घेत होती. तक्त्यावर दर नक्षत्राचं नाव मराठीत आणि कन्नडमध्ये, शेजारी मिलिमीटर. शब्द टीचरनी सांगितले तेवढेच घेतले. पाठ फक्त चार वाक्यं.

परीक्षक मॅडमनी लाल पानावर बोट ठेवून विचारलं, हे काय? पातेल्यावाली मुलगीच उभी होती. क्षणभर थांबली. मला बाहेर घाम फुटला. मग म्हणाली, "इदु तप्पु, मॅडम. इदु सरि." नरसाळं बरणीवर उपडं धरलं, मोठ्या तोंडावरून बोट फिरवलं, मग लहान तोंडावरून, आणि म्हणाली, "नाल्कु पट्टु." मॅडम हसल्या. त्यांनी पट्टी मागून घेतली आणि स्वतः मोजून बघितलं. मग पुढचे प्रश्न त्यांनी अर्धे कन्नड, अर्धे मराठी असे विचारले आणि पोरीनं उत्तरंही तशीच दिली. पाच मिनिटं ठरलेली होती, त्या पंधरा मिनिटं थांबल्या.

जिल्ह्याला निवड झाली नाही. पोरं हिरमुसली, मलाही वाईट वाटलं. पण सौंदत्तीकडून पाहुणे म्हणून आलेले एका कन्नड शाळेचे सर नरसाळ्याचं माप लिहून घेऊन गेले. त्यांच्या शाळेपासून नविलतीर्थ धरण जवळ. आमच्या दारातून वाहणारी मलप्रभा तिथं अडते. तेही आता रोज साडेआठला मोजणार आहेत, आणि दोन्ही शाळांचे आकडे फोनवर एकमेकांना जाणार आहेत. आमच्याकडं धो धो पडत असताना तिकडं ऊन असतं, हे पोरांनी नुसतं ऐकलं आहे. आता आकडे येतील.

नदी उगवते त्या कणकुंबीला कुणी बरणी ठेवील काय? तिथला पाऊस आमच्यापेक्षाही पुष्कळ जास्त, आणि पोरांनी मलाच ते शोधायला लावलं आहे.

बैलहोंगलची कन्नड टीचर

पोरीला माझ्याकडून शाबासकी सांगा. माझी मावसबहीण जांबोटीला असते, तिची कणकुंबीच्या शाळेत ओळख आहे. विचारून दोन दिवसांत कळवते. पण तिथं ही बरणी एका रात्रीत भरून वाहील हो. मोठी कुठली घ्यायची ते आधी पोरांना हिशेब करून सांगायला लावा.