मदत हवी आहे: रंगकामानंतर राऊटर पुन्हा जोडला, वायफाय दिसते, पण इंटरनेट येत नाही

सर्वांना नमस्कार.

साताऱ्याला आईबाबांच्या घराचे रंगकाम नुकतेच पूर्ण झाले. भिंती मोकळ्या करताना रंगाऱ्यांनी इंटरनेटच्या दोन्ही पेट्या, अडॅप्टर आणि सगळ्या वायरी काढून एका पिशवीत भरून ठेवल्या होत्या. मी त्या पुन्हा जोडल्या असून दोन्ही पेट्यांवर दिवेही लागले आहेत, परंतु इंटरनेट काही सुरू होत नाही. जोडणी देणाऱ्यांकडे तक्रार नोंदवली आहे, मात्र त्यांचा माणूस पुढच्या आठवड्यात येईल असे सांगण्यात आले. मला रविवारी पुण्याला परतायचे आहे. आईचा गीतापठणाचा ऑनलाइन वर्ग रोज सकाळी असतो आणि दाराबाहेरच्या कॅमेऱ्यावर आम्हा भावंडांचे लक्ष असते, त्यामुळे निघण्यापूर्वी हे काम मार्गी लागावे अशी फार इच्छा आहे.

जोडणी फायबरची असून वेग १०० एमबीपीएसचा आहे. बाहेरून आलेली बारीक पिवळी वायर हिरव्या टोकाने पहिल्या, म्हणजे फायबरचा संकेत घेणाऱ्या, ओएनटी नावाच्या छोट्या पेटीत जाते. तिथून एक लॅन केबल दुसऱ्या पेटीत, म्हणजे दोन अँटेनांच्या वायफाय राऊटरमध्ये जाते. दोन्ही अडॅप्टरच्या पिना दिसायला अगदी सारख्या आहेत, म्हणून जोडण्यापूर्वी मागचे लेबल वाचून घेतले. ओएनटीला १२ व्होल्ट, १ अँपिअर आणि राऊटरला ९ व्होल्ट, ०.६ अँपिअर लागतात, आणि त्याप्रमाणेच अडॅप्टर लावले आहेत.

ओएनटीवर पॉवरचा आणि पॉनचा (फायबर जोडणीचा) हिरवा दिवा स्थिर आहे आणि एलओएसचा (संकेत न मिळाल्याचा) लाल दिवा बंद आहे. राऊटरवर वॅनचा (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटचा) दिवा नारिंगी आहे. फोनवर आमचे जुने वायफायचे नाव दिसत नाही. त्याऐवजी राऊटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर छापलेले कंपनीचे नाव दिसते आणि त्याच कागदावरचा पासवर्ड घातल्यावर फोन जोडलाही जातो, पण नावाखाली 'इंटरनेट उपलब्ध नाही' असे येते. ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ हा पत्ता टाकून राऊटरचे पान उघडले, तर तिथे वॅनचा प्रकार 'डायनॅमिक आयपी' (पत्ता आपोआप मिळणारा) असा असून त्यापुढचा पत्ता ०.०.०.० आहे. ओएनटीला लॅन १ आणि लॅन २ असे दोन पोर्ट आहेत. पूर्वी केबल कोणत्या पोर्टमध्ये होती हे घरात कोणाला आठवत नाही. सध्या ती लॅन २ मध्ये आहे.

जोडणी घेतली त्या वेळचा एक एसएमएस बाबांच्या फोनमध्ये सापडला. त्यात एक युजरनेम आणि पासवर्ड आहे, परंतु तो कुठे भरायचा हे त्यात लिहिलेले नाही. बिघाड फायबरमध्ये आहे, ओएनटीमध्ये आहे की राऊटरमध्ये, हे नेमके कसे ओळखावे, आणि काहीही बदलण्यापूर्वी कोणती गोष्ट आधी तपासावी, एवढे कृपया क्रमाने सांगावे. घरात टीव्ही, प्रिंटर आणि कॅमेरा हे तिन्ही वायफायवर चालतात. ते सगळे नव्याने जोडावे लागतील का, हेही कळले तर बरे होईल.

प्रतिसाद

ताई, आपण दिव्यांची स्थिती लिहिली आहे, त्यामुळे निम्मे उत्तर त्यातच मिळते. एलओएसचा लाल दिवा बंद आणि पॉनचा हिरवा दिवा स्थिर, याचा अर्थ बाहेरून प्रकाश व्यवस्थित येतो आहे आणि आपल्या ओएनटीची पलीकडच्या मुख्य यंत्राशी ओळख पटलेली आहे. पॉनचा दिवा लुकलुकत राहिला असता तर ही ओळख पटण्यात अडथळा आहे असे म्हटले असते, आणि लाल दिवा लागला असता तर वायर तुटली, दुमडली किंवा टोक नीट बसले नाही असे समजलो असतो. त्यामुळे आता त्या हिरव्या टोकाला हात लावू नका. ते टोक आतून आठ अंशांच्या तिरक्या कोनात घासलेले असते आणि त्यावर धुळीचा एक कण बसला तरी प्रकाश अडतो. ते कधी काढावेच लागले तर त्याच्या पुढच्या भागाला बोट लावू नये आणि डोळ्यासमोर धरून आत पाहू नये, कारण त्यातून जाणारा लेसर डोळ्यांना दिसत नसला तरी तो डोळ्यांसाठी चांगला नाही. उरलेली वायर कपाटामागे भिंतीशी दाबून न टाकता तळहाताएवढे सैल वेटोळे करून ठेवावी.

बिघाड राऊटरच्या बाजूला आहे, आणि त्याचा पुरावा आपणच दिला आहे. वीज बंद केल्याने राऊटर स्वतःची मांडणी विसरत नाही. जुने नाव जाऊन तळाच्या कागदावरचे नाव दिसू लागले, म्हणजे हलवाहलवीत कधीतरी मागचे रीसेटचे बटण काही सेकंद दाबले गेले आहे. वायफायच्या नावाबरोबर जोडणीचे युजरनेम आणि पासवर्डही त्यातून पुसले गेले असणार.

मात्र लगेच काही भरू नका. आधी एक तपासणी करा, म्हणजे अंदाजाने चाचपडावे लागणार नाही. राऊटर बाजूला ठेवा आणि लॅपटॉपचे वायफाय बंद करून तो केबलने थेट ओएनटीच्या लॅन १ ला जोडा. मिनिटभर थांबून लॅपटॉपला कोणता आयपी पत्ता मिळाला ते पाहा. पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर ओएनटी स्वतःच राऊटरचे काम करत आहे. अशा वेळी आपल्या राऊटरवर डायनॅमिक आयपी हाच प्रकार योग्य ठरतो आणि युजरनेमची गरज पडत नाही. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर तो कोणी दिलेला नसून लॅपटॉपने उत्तर न मिळाल्यामुळे स्वतःच घेतलेला आहे. याचा अर्थ बहुतेक करून ओएनटी ब्रिज मोडमध्ये आहे, म्हणजे तो फक्त प्रकाशाचे रूपांतर विजेच्या संकेतात करून पुढे पाठवतो, आणि युजरनेम व पासवर्ड देऊन जोडणी सुरू करण्याचे काम राऊटरचे आहे. या पद्धतीला पीपीपीओई म्हणतात. तसे निघाले तर राऊटरच्या पानावर वॅनचा प्रकार बदलून पीपीपीओई करा आणि तिथे युजरनेम भरा.

पोर्टबद्दलही एक गोष्ट सांगतो. ब्रिज मोडमध्ये अनेक जोडणीदार, म्हणजे जोडणी देणाऱ्या कंपन्या, इंटरनेट एकाच पोर्टवर, बहुधा लॅन १ वर, देतात. दुसरा पोर्ट दिवा दाखवतो, पण त्यातून पुढे काही जात नाही.

धागाकर्तीचे उत्तर

इतक्या सविस्तर उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार. लॅपटॉप लॅन १ ला जोडल्यावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळाला, तेव्हा ओएनटी ब्रिज मोडमध्ये आहे असे धरून राऊटरमध्ये पीपीपीओई निवडले आणि एसएमएसमधील युजरनेम व पासवर्ड भरला. दोन्ही पोर्टमधील फरक समजावा म्हणून केबल आधी लॅन २ मध्येच ठेवून पाहिले. तेव्हा 'सर्व्हरकडून प्रतिसाद नाही' असा संदेश आला. केबल लॅन १ मध्ये घातल्यावर संदेश बदलून 'प्रमाणीकरण अयशस्वी' असा झाला. इंटरनेट अजून आलेले नाही. पासवर्ड एकेक अक्षर पाहून पुन्हा भरला, लहान आणि मोठी अक्षरेही तपासली. एका ठिकाणी असे वाचले की जोडणीदार राऊटरचा मॅक क्रमांक (प्रत्येक यंत्राचा स्वतंत्र ओळख क्रमांक) नोंदवून ठेवतात आणि दुसरे यंत्र स्वीकारत नाहीत. आमच्या बाबतीत तसे झाले असेल का?

प्रतिसाद

संदेश बदलला ही चांगली खूण आहे. पहिल्या संदेशाचा अर्थ, हाक पलीकडे पोचलीच नाही. दुसऱ्याचा अर्थ, हाक पोचली, पलीकडच्या सर्व्हरने आपले नाव पाहिले आणि नाकारले. म्हणजे ओएनटी, केबल आणि पोर्ट हे तिन्ही आता संशयाबाहेर गेले.

मॅक क्रमांकाचे बंधन अनेक ठिकाणी असते हे खरे, परंतु आपला राऊटर तोच जुना आहे, त्यामुळे ते कारण मला पटत नाही. नवा राऊटर आणला असता तर जुन्याच्या तळाशी छापलेला मॅक क्रमांक नव्यात भरणे, किंवा नोंद बदलून देण्याची विनंती करणे, असे दोन मार्ग होते. आपल्या प्रकरणात मला वेगळी शंका येते. जोडणीदाराच्या ॲपमध्ये बिल भरण्यासाठी लागणारा पासवर्ड आणि पीपीपीओईचा पासवर्ड हे पुष्कळदा निराळे असतात, आणि ग्राहकाला एसएमएसने येतो तो बहुधा पहिला. जोडणी बसवायला आलेला माणूस दुसरा पासवर्ड राऊटरमध्ये परस्पर भरून जातो आणि तो घरात कुठेच लिहिलेला नसतो. युजरनेमच्या शेवटी @ चिन्ह आणि त्यापुढे काही अक्षरे असतील, तर तीही युजरनेमचाच भाग असतात, ती वगळू नयेत.

बाबांच्या नोंदवलेल्या क्रमांकावरून जोडणीदाराच्या कार्यालयात फोन करा आणि 'इंटरनेट बंद आहे' एवढेच न सांगता 'राऊटर रीसेट झाला आहे, पीपीपीओईचे युजरनेम आणि पासवर्ड हवे आहेत, आणि खात्यावर जुने सत्र अडकले असेल तर तेही मोकळे करा' असे नेमके सांगा. नुसती तक्रार नोंदवली की माणूस पाठवण्याची वाट पाहावी लागते. नेमकी मागणी केली तर हे काम फोनवर होऊ शकते.

हे मिळाल्यानंतर, आणि हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो, वायफायचे नाव आणि पासवर्ड पूर्वी होते तेच, एका अक्षराचाही फरक न करता ठेवा. टीव्ही, प्रिंटर आणि कॅमेरा यांना जुने नाव व पासवर्ड पाठ आहेत. ते पुन्हा दिसले की ती यंत्रे आपोआप जोडली जातील. कॅमेरा बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालत असेल, म्हणून तो पट्टा बंद करू नका. वायफायच्या सुरक्षेच्या प्रकारात डब्ल्यूपीए२ निवडा, डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण दाबून जोडण्याची सोय) बंद ठेवा, आणि राऊटरच्या पानाचा मूळ पासवर्ड बदलून तो पीपीपीओईच्या तपशिलांसह आईबाबांच्या वहीत लिहून ठेवा.

धागाकर्तीचे उत्तर

इंटरनेट सुरू झाले. आपली शंका तंतोतंत खरी ठरली: एसएमएसमधला पासवर्ड ॲपचा होता. फोनवर बोलणाऱ्या मुलीने जन्मतारीख आणि पत्ता विचारून पीपीपीओईचा पासवर्ड सांगितला, आणि तो भरताच नारिंगी दिवा हिरवा झाला. जुने नाव ठेवल्याबरोबर टीव्ही आणि कॅमेरा काहीही न करता जोडले गेले. प्रिंटर एकदा बंद करून सुरू करावा लागला. आईने तपशील वहीत स्वतःच्या अक्षरात लिहून घेतले आहेत.

आता एकच अडचण उरली आहे. घर जुने, काळ्या दगडाच्या जाड भिंतींचे आहे. दिवाणखान्यात ९० च्या पुढे वेग मिळतो, पण आई वर्गाला बसते त्या मागच्या खोलीत आवाज तुटतो. रंगकामाच्या वेळी केसिंग पट्टीतून एक लॅन केबल त्या खोलीपर्यंत नेऊन ठेवली आहे, आणि जुना, चालू स्थितीतील एक राऊटर माळ्यावर आहे. तो तिथे वापरता येईल का? शिवाय वीज गेली की दोन्ही पेट्या बंद होतात, त्यासाठी एकच छोटा यूपीएस पुरेल का?

प्रतिसाद

केबल आधीच नेलेली आहे, हे फारच उत्तम झाले. दगडी भिंतीतून वायफाय ढकलणारी महागडी यंत्रे घेण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी भरवशाचा आहे.

जुन्या राऊटरचा अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे केबलने आलेले इंटरनेट फक्त वायफायने पुढे देणारे यंत्र, करायचा. त्याच्या पानावर तशी सोय असेल तर ती निवडा. नसेल तर लॅपटॉप केबलने जोडून त्याचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.०.२ करा, म्हणजे मुख्य राऊटरशी टक्कर होणार नाही, आणि त्यातील डीएचसीपी बंद करा. पत्ते वाटण्याचे काम घरात एकानेच करायचे असते. दोघे वाटू लागले की फोन कधी चालतात, कधी चालत नाहीत, आणि कारण शोधता शोधता दिवस जातो. मागच्या खोलीतील केबल त्या राऊटरच्या वॅन पोर्टमध्ये न घालता कोणत्याही लॅन पोर्टमध्ये घाला. वायफायचे नाव आणि पासवर्ड मुख्य राऊटरचेच ठेवा, फक्त २.४ गिगाहर्ट्झचे चॅनेल वेगळे द्या. एकीकडे १ असेल तर दुसरीकडे ६ किंवा ११, कारण ही तीन चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत. आईंच्या यंत्राला ५ गिगाहर्ट्झ चालत असेल आणि जुन्या राऊटरमध्ये ते असेल, तर वर्गासाठी तेच वापरा. भिंत मध्ये नसल्यावर ते अधिक स्वच्छ चालते.

दिवाणखान्यातील वेग ९४ च्या आसपास थांबत असेल तर काळजी करू नका. १०० एमबीपीएसच्या पोर्टमधून प्रत्यक्षात तेवढाच मिळतो.

यूपीएस घेताना अडॅप्टरच्या लेबलवर आपण वाचलेले आकडे उपयोगी पडतील. आपला ओएनटी १२ व्होल्टचा आणि राऊटर ९ व्होल्टचा आहे, त्यामुळे एकाच १२ व्होल्टच्या वायरीला फाटा देणारा पिन दोन्हीला लावणे धोक्याचे आहे, राऊटर जळू शकतो. १२ आणि ९ व्होल्टचे दोन वेगळे आउटपुट असलेला मिनी यूपीएस मागून घ्या, आणि तो जोडल्यावर कोणती पिन कोणत्या पेटीची हे कागदाच्या चिठ्ठीवर लिहून वायरीलाच चिकटवून ठेवा. मागच्या खोलीतील राऊटर त्यावर नसेल, तेव्हा वीज गेल्यावर वर्ग पूर्ण करायचा असल्यास आईंनी दिवाणखान्यात येऊन बसावे.